हेल्मेटने कान वाचत नाहीत

महोदय,

बर्फावर स्नोमोबाईल चालवण्यासाठी काय काय लागते याच्या याद्यांत हेल्मेट, गॉगल, हातमोजे, बूट असे सगळे असते. इअरप्लग मात्र क्वचितच दिसतात. आवाजावर कायद्याची मर्यादा आहेच, मग काळजी कशाला, असा समज त्यामागे असावा. पण ती मर्यादा चालकासाठी नाहीच. अमेरिकेतील मानकानुसार पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात असताना, ७८ डेसिबलपर्यंत आवाज चालतो, आणि तो मोजला जातो ५० फुटांवरून! चालक तर इंजिनाला खेटून बसलेला असतो. उघड्यावर अंतर निम्मे झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. त्यात वाऱ्याची भर. वेग वाढला की हनुवटीखालून आणि मानेजवळून हेल्मेटमध्ये हवा घुसते, तिचे भोवरे होतात आणि खर्जातला घुमारा सुरू होतो. हेल्मेट डोके फुटू नये म्हणून असते; हा घुमारा ते फारसा अडवत नाही.

अमेरिकेतील ‘नायॉश’ ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास सुरक्षित धरते आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. म्हणजे ९४ला एक तास, १००ला जेमतेम १५ मिनिटे. कानाच्या आतील, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. ऱ्हास बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांत, सुरू होतो, त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ आधी पुसट होतात. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार अशी सुरू होते.

उपाय स्वस्त आहे, पण नीट केला तरच. फोमचा इअरप्लग बोटांनी वळून सुरकुती न पडता बारीक करावा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढावा, प्लग आत सरकवावा आणि फुगेपर्यंत, साधारण ३० सेकंद, बोटाने धरून ठेवावा. समोरून पाहणाऱ्याला तो बाहेर डोकावताना दिसला, तर बसलेला नाही. थंडीत फोम कडक होतो आणि हळू फुगतो, म्हणून प्लग आतल्या खिशात उबेत ठेवावेत आणि घरातच घालावेत. त्यावर कानटोपी, मग हेल्मेट. कानटोपी ओढताना प्लग निसटला नाही ना, हे पाहावे. आवाज किती कमी होतो याचा पाकिटावरचा ३२-३३ डेसिबलचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. फोमच्या प्लगसाठी त्याचा निम्माच हिशेबात धरावा.

प्लग मध्ये काढणे फार महागात पडते. चार तासांच्या आवाजात १५ मिनिटे जरी कान उघडे राहिले, तरी प्लग कितीही चांगला असो, एकूण संरक्षण १२ डेसिबलच्या वर जाऊ शकत नाही. बोलायचे असेल तर इंजिन बंद करावे.

प्लगमुळे हाका ऐकू येणार नाहीत, ही भीती बव्हंशी अनाठायी आहे. गोंगाट आणि हाक दोन्ही खाली येतात आणि निरोगी कानाला शब्द अनेकदा उलट स्पष्ट कळतात. फोमने फारच कोंडल्यासारखे वाटले तर फिल्टरवाले प्लग घ्यावेत. हेल्मेटमधल्या स्पीकरवर गाणी मात्र नकोत. वाऱ्यावर मात करायला आवाज वाढवावा लागतो आणि कानावर दुहेरी मारा होतो. मूळ सायलेन्सर काढून हलका, मोकळा बसवण्याचे समर्थन तर मी कधीच करणार नाही.

मागे बसणाऱ्या मुलांसाठी लहान मापाचे प्लग मिळतात. तेही बसत नसतील, तर मुलाला आवाजाच्या फेरीवर नेऊच नये.

उतरल्यावर कानात दडे बसले किंवा शीळ वाजू लागली, तर त्या दिवशीचा आवाज जास्त झाला असे समजावे. दुसऱ्या दिवशी ऐकू येऊ लागले म्हणून इजा झालीच नाही, असे नव्हे. शीळ दिवसभरानंतरही थांबली नाही तर श्रवणचाचणी करून घ्यावी. एका कानाचे ऐकू येणे अचानक बंद झाले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे.

– एक श्रवणतज्ज्ञ