७२च्या शेजारचं एकक

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

गतिज ऊर्जेचं, म्हणजे हलणाऱ्या वस्तूत वेगामुळे असलेल्या ऊर्जेचं सूत्र (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं) तुमच्या आधीही आम्हाला शिकवलं गेलं होतं. फळ्यावर लिहायचं, पाठ करायला सांगायचं, चुकलेल्या उत्तरावर लाल फुली मारायची आणि पुढच्या धड्याला लागायचं. कुठे चुकलं असं विचारलं, तर ‘गणित नीट वाचा’ एवढंच उत्तर. तुम्ही फुली मारली नाहीत. १००० किलोच्या गाडीच्या गणितात नुसत्याच लिहिलेल्या ७२ या आकड्याशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘किमी/तास’ लिहिलंत आणि वही परत केलीत. त्या एवढ्याशा नोंदीसाठी हे पत्र.

उत्तर ज्यूल या ऊर्जेच्या एककात हवं तर वेग मीटर प्रतिसेकंदात हवा, हे त्या नोंदीने दाखवलं. ७२ला ३.६ने भागलं की २०. त्याचा वर्ग ४००, गुणिले १०००, त्याचं निम्मं २,००,००० ज्यूल. तसाच ७२चा वर्ग केला तर २५,९२,००० येतात, जवळपास तेरापट! वेगासोबत ३.६चाही वर्ग होतो, म्हणून चूक एवढी फुगते. एकक आधी बदलायचं, वर्ग नंतर.

उत्तर आल्यावर ते पटतंय का बघा, हा तुमचा आग्रह तर फारच मोलाचा. १६० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ४० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा १२८ ज्यूल. ग्रॅमचे किलो करायचे राहिले की १,२८,००० येतात. एवढी ऊर्जा तर ताशी सुमारे ५८ किलोमीटरने धावणाऱ्या त्या गाडीत असते. चेंडूत कुठून येणार?

त्याच गाडीचा वेग १०वरून २० मीटर प्रतिसेकंद झाला तर ऊर्जा किती वाढली, इथे भलेभले घसरतात. वेगांची वजाबाकी करून १०चा वर्ग घेतला की ५०,००० येतात. वजाबाकी ऊर्जांची करायची: २,००,०००तून ५०,००० गेले, उरले १,५०,०००. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेकचा जोर तेवढाच असेल तर गाडी थांबायला अंतरही चौपट लागतं. हे ज्याला कळलं तो रस्त्यावर वेगळा वागतो, म्हणून मला हे गणित निव्वळ गुणांपुरतं कधीच वाटत नाही.

मॅडम, चुकणाऱ्याचा पाणउतारा न करता नेमकं बोट ठेवणारी माणसं फार थोडी. त्यांच्यामुळे विषयाची भीती जाते, आणि याची कुठे नोंदही होत नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिलं.

सूत्र कुठवर पुरतं, हेही तुम्हीच सांगितलंत. न घसरता घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याला फिरण्याची ऊर्जाही असते. तिथे अर्ध्याऐवजी सात दशांश घ्यावे लागतात. पुस्तकात नसलेलं तेवढं सांगायला तुम्ही तास संपल्यावर थांबलात, त्याबद्दलही मनापासून आभार.

आपली विद्यार्थिनी