ट्रिशियम दूषणमुक्तीचा चुकीचा दाखला मागे घेण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, दूषणमुक्ती सेवा विभाग

महोदय,

आमच्या जुन्या ट्रिशियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) प्रयोगशाळेच्या तीन खोल्या आपण मार्चमध्ये धुऊन, एपॉक्सीचे दोन हात देऊन ‘दूषणमुक्त’ म्हणून ताब्यात दिल्या. जुलैत त्याच भिंतींच्या स्वाइप नमुन्यांत (पृष्ठभाग पुसून घेतलेल्या) ट्रिशियम पुन्हा आढळले. मधल्या काळात खोल्या रिकाम्या होत्या, म्हणजे ते भिंतीच्या पोटातूनच आले आहे.

काँक्रीटच्या रंध्रांत पाणी असते आणि सिमेंटमध्येही पाणी बांधलेले असते. ट्रिशियमयुक्त वाफ लागली की या पाण्यातल्या साध्या हायड्रोजनशी अदलाबदल होऊन ट्रिशियम आत मुरते. पुसल्याने वरचा थर तेवढा निघतो, खालचे सावकाश वर येते. पावसाळी दमट हवा त्याला जास्तच बाहेर ओढते, कारण तीच अदलाबदल आता उलट्या दिशेने चालते. आपली तपासणी झाली कोरड्या मार्चमध्ये, एसी लावून, धुतल्याच्या दुसऱ्याच दिवशी! एपॉक्सीने गळती मंदावते, थांबत नाही. अर्धायुष्य 12.3 वर्षे असल्याने वाट पाहण्यातही अर्थ नाही.

अहवालात भिंती गायगर काउंटरने तपासल्याचे लिहिले आहे. ट्रिशियमच्या बीटा कणांची कमाल ऊर्जा 18.6 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. हवेत ते जेमतेम 6 मिलिमीटर जातात आणि नळीची खिडकी ओलांडत नाहीत. काटा हलला नाही यात नवल ते काय?

कोअरचे (भिंतीत ड्रिल करून काढलेल्या काँक्रीटच्या दंडगोलांचे) नमुनेही वाया गेले. ड्रिलवर पाणी सोडल्याने ट्रिशियम त्या पाण्यात निघून गेले. उरलेले पॉलिथिनच्या पिशवीत ठेवले, जिच्यातून वाफ पार होते. शिवाय काँक्रीटची पूड थेट सिंटिलेशन द्रावणात, म्हणजे किरणोत्साराने चमकणाऱ्या द्रावणात, टाकली. अल्कधर्मी पुडीमुळे द्रावणात रासायनिक प्रकाश पडतो आणि ही चमक मोजणारा काउंटर तोही मोजतो.

फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डांना तर नुसता रंग मारला आहे. जिप्समच्या वजनात सुमारे 21 टक्के स्फटिकजल असते. असे बोर्ड धुऊन साफ होत नाहीत, ते उतरवून किरणोत्सारी कचरा म्हणूनच हाताळावे लागतात.

कोअर पुन्हा काढावेत: कोरडे, मंद गतीने, मध्ये थांबत, पाते तापू न देता. 1 सेंटिमीटरचे काप लगेच काचेच्या हवाबंद बरणीत जावेत. भट्टीत तापवून निघणारा वायू तप्त कॉपर ऑक्साइडवरून नेऊन पाण्याच्या बबलरमध्ये (वायू बुडबुड्यांनी पाण्यातून नेणाऱ्या पात्रात) धरावा, मग तेच पाणी मोजावे. अंतिम स्वाइप खोल्या काही आठवडे बंद ठेवून, दमट हवेतच घ्यावेत.

दाखला मागे घेतल्याचे पंधरा दिवसांत लेखी कळवावे. तोवर उरलेले बिल रोखले आहे.

आपला,
किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी