ते कावळे नाहीत रे

प्रिय संद्या,

फोटो बघून विचारलंस ना, ऑस्टिनचे कावळे एवढे बारीक का म्हणून. अरे ते ग्रॅकल आहेत, कावळ्यांशी काही नातं नाही, कुळच वेगळं. आमच्याकडे लांब शेपटीचे जास्त. नर काळाकुळकुळीत, पण ऊन पडलं की अंगावर निळी-जांभळी झाक मारते, डोळे पिवळेधमक. मादी तपकिरी आणि बरीच लहान, नवख्याला वाटतं दुसराच पक्षी.

संध्याकाळी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभा राहिलास ना की बघतच राहशील. ओकच्या झाडांवर थवेच्या थवे उतरतात, कुणी शिट्ट्या मारतोय, कुणी गंजक्या फाटकासारखा करकरतोय, कान किटतात. दोन नर समोरासमोर आले की चोच सरळ आभाळाकडे करून ताठ उभे, एकजण हटेपर्यंत तसेच. आणि हायवेवरून गाडी आली की पुढच्या जाळीत, नंबर प्लेटवर चिकटलेले किडे एकेक करून टिपतात! कडक पाव मिळाला तर पाण्यात बुडवून मऊ करून खातात.

लोक वैतागतात, गाड्या घाण होतात, ते खरंच आहे. पण त्यांना हाकलायला लेझर काय मारतात, मोठमोठे आवाज काय काढतात, ते बघून मला खूप वाईट वाटतं. शेती, कालवे, लॉन, पार्किंग हे सगळं आपणच पसरवलं आणि त्याच्या मागोमाग हा पक्षी गेल्या शंभरेक वर्षांत दक्षिण टेक्सासमधून पार वरपर्यंत पोचला. मेक्सिकोत तर त्याच्याही आधी, १४८६ ते १५०२ राज्य करणाऱ्या आविट्झोट्ल या अ‍ॅझ्टेक राजाने मुद्दाम लांबून आणवून राजधानीत सोडले होते, आणि त्यांना कुणी त्रास द्यायचा नाही असा हुकूम होता म्हणतात.

आणि खूप दिसतात म्हणून कायम राहतील असंही नाही रे. याचाच भाऊबंद, साधा ग्रॅकल, १९७० पासून निम्म्याहून जास्त कमी झालाय, २०१८ मध्ये त्याला धोक्याच्या जवळ आलेल्या पक्ष्यांत टाकलं. एवढा कॉमन पक्षी, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

काऊबर्ड पण असतात इथे, आपल्या कोकिळेसारखी दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतात, त्यांच्याबद्दल सविस्तर पुढच्या वेळी. तू मार्चमध्ये येतोयस ना, तर ती दुर्बीण आठवणीने आण. हॉर्न्सबी बेंडला सांडपाण्याची तळी आहेत, तिथे पाणकणसांवर लाल खांद्यांचे ब्लॅकबर्ड बसून ओरडत असतात, सकाळी लवकर जाऊ. वहिनींनाही विचार येतायत का.

तुझा,
नित्या