चर्चेच्या तासाला आधी कागद द्या, मग प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इतिहास-भूगोलाला आठवड्यातून एक तास चर्चेचा ठेवायचा, हे आता बऱ्याच शाळांत रुळले आहे. ती चर्चा रंगत का नाही, हे मात्र फळ्यावरचा प्रश्न वाचला की कळते. 'जलसंधारणाचे महत्त्व सांगा', 'गडकिल्ल्यांचे जतन का करावे?' यांची उत्तरे गाइडात तयार असतात आणि त्यांवर दुमत व्हायचे कारणच नसते. मुले पाठ केलेले म्हणून दाखवतात, बाई 'छान' म्हणतात, घंटा होते. प्रश्न पारखायची सोपी खूण अशी: मुलांसमोरचा माहितीचा कागद काढून घेतला तरी उत्तर देता येत असेल, तर तो प्रश्न बाद.

नाशिकमध्ये असा कागद शोधायला लांब जावे लागत नाही. पांडवलेण्यांतले दहाव्या क्रमांकाचे लेणे घ्या. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने तिथे कोरून ठेवले आहे की भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून दिले. त्यांतले २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) दरमहा शेकडा १ व्याजाने, उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्याचा मुक्काम) करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. एवढा मजकूर अर्ध्या पानात मावतो. आधी मुलांना हिशेब करू द्या. महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजेही २४०. दगडावरचा हिशेब बरोबर जुळतो, आणि तो स्वतःच्या वहीत जुळला की मागच्या बाकावरही हालचाल होते. मग विचारा: पैसे विहारात न ठेवता विणकरांकडे का ठेवले? दोन श्रेणींचे दर वेगळे का?

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. आठवीची मुले नुकतेच चक्रवाढ व्याज शिकलेली असतात, ती तेच लावून बसतात आणि आकडा चुकतो. व्याज दरवर्षी खर्च होत होते, म्हणजे सरळव्याजच, हे त्यांना हिशेबातूनच सापडू द्यावे. दुसरे, 'आजचे किती रुपये?' हा प्रश्न येतोच. त्याच्या मागे गेले की तास संपला. त्याऐवजी एका भिक्षूचे वर्षाचे कापड १२ कार्षापणांत बसत होते, हेच माप धरायला सांगावे. दर वेगळे का, याचे कारण त्या कोरीव लेखात दिलेले नाही. शिक्षकाने आपल्या पदरचे सांगून विषय मिटवू नये.

याला जोड म्हणून पुढच्या आठवड्यात जोगलटेंभीची नाणी घ्यावीत. सिन्नर तालुक्यातल्या या गावी १९०६ मध्ये नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. पांडवलेण्यांतल्याच तिसऱ्या लेण्यातल्या कोरीव लेखात त्याची आई गौतमी बलश्री सांगते की त्याने क्षहरात वंशाचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, समूळ उच्छेद केला. आईने कोरून घेतलेली स्तुती आणि नाण्यावरचा ठसा, यांतला कोणता पुरावा जास्त धरायचा? नाणी वितळवली का नाहीत?

साठ मुलांच्या वर्गात हे कसे घ्यायचे, असे कोणी विचारेल. पुढच्या बाकावरची तीन मुले मागे वळली की सहांचा गट होतो, असे दहा गट. दहाही गटांना बोलायला लावले तर पस्तीस मिनिटांत कुणाचेच धड ऐकून होत नाही. पाच मिनिटे मुकाट वाचन, बारा मिनिटे गटात, मग चिठ्ठी काढून फक्त तीन गट, आणि शेवटची आठ मिनिटे प्रत्येकाने वहीत पाच ओळी. चिठ्ठी नसेल तर दर आठवड्याला तीच चार मुले बोलतात. या तासाला गुण देऊ नयेत. गुण आले की गाइड परत येते.

भूगोलाला आपल्याकडे पाण्याइतका चांगला विषय नाही. इगतपुरीला वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, पंचेचाळीसेक किलोमीटरवर नाशिकला सातशेच्या आसपास, येवल्याला पाचशेच्या घरात. जिल्ह्याच्या नकाशावर हे आकडे मांडून नाशिकचे गंगापूर धरण आणि गोदावरीवर खाली पैठणला असलेले जायकवाडी यांच्यातला पाणीवाटपाचा वाद घ्यावा. गंगापूर धरण साधारण साडेपाच टीएमसीचे (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट); जायकवाडी सुमारे १०२, त्यात सुमारे २६ मृतसाठा (तळाचे, एरवी वापरता न येणारे पाणी). मृतसाठा वजा न करता टक्केवारी काढणे ही नेहमीची चूक, आणि दलघफू (दशलक्ष घनफूट) व टीएमसीची गल्लत ही दुसरी (हजार दलघफू म्हणजे एक टीएमसी, हे कोपऱ्यात लिहूनच ठेवावे). निफाडचा शेतकरी आणि पैठणचा शेतकरी अशा बाजू चिठ्ठीने वाटाव्यात आणि अर्ध्या वेळेत बदलाव्यात. बाजू मुलांनाच निवडू दिली तर घरात ऐकलेलेच वर्गात येते आणि आवाज चढतात.

काळाराम मंदिर सत्याग्रहाला मात्र ही वाटणी अजिबात करू नये. तिथे भूमिका दिल्या की कुणा मुलाकडे जात म्हणून बोट जाते. फक्त तारखा मांडाव्यात: नाशिकचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, दांडीयात्रा १२ मार्चला निघाली. आपल्या पुस्तकात दोहोंना किती ओळी आहेत ते मोजायला सांगावे. तेवढे पुरते.

आपल्याकडे मागणे एकच. धरणसाठा, तालुकावार पाऊस आणि लासलगावची कांद्याची आवक व दर आपण छापताच. पण कधी चौथ्या पानावर, कधी आतल्या, साठा एकदा टक्क्यांत तर एकदा दलघफूत. दर सोमवारी एकाच जागी, एकाच एककात, मागच्या वर्षीच्या त्याच दिवसाच्या आकड्यासह एक चौकट द्यावी. कांद्याचा किमान, कमाल आणि सरासरी असे तिन्ही भाव हवेत; नुसत्या कमाल भावावर मुलांचे सगळे तर्क चुकतात. सोमवारी ते कात्रण हाती आले, तर शुक्रवारच्या तासाला कागद तयार असेल.

आपले,
इतिहास-भूगोलाचे काही शिक्षक, नाशिक