डोंबिवलीच्या काकांस, एका स्पंजबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं बजावलंत, म्हणून नुसतं काका. पत्र मात्र उघडच लिहिते आहे, कारण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अमोनिया किती आला?" असं विचारून विषयच बदलता.

आमच्या समुद्री माशांच्या टाकीवर आलं ते संकट आहे हे पटणारी माणसं तेव्हा फार नव्हती. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मासेच ना, बाजारात ढिगाने मिळतात." त्यांच्या डोळ्यांसमोर बांगडे असावेत. आणि ज्याच्याकडून पावडर ब्लू टँग हा निळा मासा आणला, तो दुकानदार? घेताना मी त्याला सरळ विचारलं होतं, मासा आधी वेगळा ठेवायला हवा का? "काही गरज नाही मॅडम, ताजा माल आहे, काल रात्रीच विमानाने आलाय." तुम्ही हे ऐकून कपाळाला हात लावलात. विमानातून कालच उतरलेला, पिशवीत हैराण झालेला, कुणी चार दिवसही न पाहिलेला मासा, आणि हे त्याचं कौतुक! अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले तेव्हा उत्तर आलं, "स्ट्रेस आहे, खाण्याला लसूण लावा." टँग गेला. त्यानंतर फोन उचलणंही बंद. पैशांचं सोडा हो, एक "वाईट झालं" तरी म्हणायचं.

टँग गेला तोवर क्लाऊनफिशच्या जोडीवरही ठिपके आले होते. ही जोडी माझ्या लेकीने बोटभरही नव्हती तेव्हापासून वाढवलेली. मोठी मादी दगडाला अंग घासत होती. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात एका मुलाने तुमचा नंबर दिला. ओळख ना देख, मी भर दुपारी फोन केला आणि तुम्ही संध्याकाळच्या लोकलने ठाण्याला आलात.

येताना काय आणलंत ते सांगायलाच हे पत्र. घट्ट झाकणाचा एक डबा, झाकणाला भोक, त्यातून आत गेलेली बारीक नळी आणि शर्टाच्या खिशात गुरगुरणारा बॅटरीवरचा एअर पंप. डब्यात तुमच्या टाकीच्या पाण्यात बुडवलेला, तिच्याच फिल्टरमधला तपकिरी, बुळबुळीत स्पंज. गाडीत शेजारच्याने "काय, खेकडे का?" विचारलं, हेही तुम्हीच हसत सांगितलंत. माझी मुलगी त्या स्पंजकडे पाहून नाक मुरडत होती.

त्याची किंमत मला नंतर उमगली. आजारी माशांसाठी नवा टब मांडणं सोपं, पण माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या पाण्यात नसतात. ते आपोआप वाढायला आठवडे लागतात आणि आमच्या जोडीकडे तेवढा वेळ नव्हता. त्या जिवाणूंनी भरलेला तो स्पंज म्हणजे विरजण होतं. बरं, हे विरजण कुठूनही मागून चालत नाही. दुकानदाराने फुकट दिलं असतं तरी त्यातून त्याच्या टाकीतले रोग आले असते. तुमच्याकडे नवा मासा महिना-दीड महिना बाजूला राहिल्याशिवाय मुख्य टाकीत जात नाही, वर्षानुवर्षं. म्हणून तुमचा स्पंज निर्धास्त घेता आला. आणि या ठिपक्यांवर द्यायच्या तांब्याच्या औषधात गेलेला स्पंज पुन्हा कोळंबी, शंख असलेल्या टाकीत घालता येत नाही, तांबं त्यांना विष. म्हणजे तो परत मिळणार नाही हे ठाऊक असूनच तुम्ही तो डब्यात घातला होतात. यातलं एक अक्षर तुम्ही बोलला नाहीत!

बाकीचं तुमच्या शिस्तीत झालं. टबात वाळू नाही, दगड नाही, कारण ते तांबं शोषून घेतात. लपायला नुसते पीव्हीसी पाइपचे तुकडे. तांब्याचं प्रमाण रोज मोजायचं, कमी पडलं तर परजीवी मरत नाही, जास्त झालं तर मासाच मरतो. ठिपके गेले तेव्हा मुलगी नाचायला लागली. तुम्ही तिला पाटीवर चित्र काढून दाखवलंत, की क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे हे ठिपके आणणारा परजीवी, माशाच्या अंगावर थोडेच दिवस असतो, मग गळून तळाला कवचात बसतो, तिथून शेकडो पिल्लं सुटतात, आणि औषध लागू पडतं ते त्या सुट्या पोहणाऱ्या पिल्लांनाच. मुख्य टाकीतली पिल्लं मासा न मिळून मरावीत म्हणून ती टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायची. कोळंबी तिथे खुशाल राहिली, तिच्यावर तो जगत नाही. पाहुणे विचारायचे, एवढी मोठी टाकी आणि मासे कुठेत? मुलगी प्रत्येकाला पाटी घेऊन समजवायची, पाहुणे लवकर उठायचे.

शिकवताना तुम्ही एकदाही "एवढंही माहीत नाही?" असं म्हणाला नाहीत. या छंदात असं बोलणारे खूप आहेत. स्वतःला येतं ते दुसऱ्याला लहान न करता देणारी माणसं सगळ्याच क्षेत्रांत कमी. आमच्या ऑफिसात दोन आहेत, त्यांच्याभोवती कायम गर्दी असते.

क्लाऊन आता मुख्य टाकीत आहेत, मादी पूर्वीसारखीच माझ्या हाताला चावायला येते. टँगचं नाव काढायचं नाही म्हणालात, काढत नाही. मुलीला फायरफिश हवी आहे. ती उड्या मारते असं तुम्हीच सांगितलंत, म्हणून टाकीवर जाळीचं झाकण बसवून घेतलं. वेगळा टबही मांडून ठेवला आहे. कुणाकडून घ्यायची तेवढं कळवा, आणि काकूंना घेऊन एका रविवारी जेवायलाच या.

आपली,
ठाण्याची क्लाऊनवाली