रात्री दीडला फोन उचलणाऱ्या सिस्टरांना

सप्रेम नमस्कार सिस्टर,

आपल्या इंदूरला रात्री दीड वाजता सराफ्यात गरम जिलबी मिळते. घरच्या पेशंटसाठी त्या वेळी फोन उचलणारं माणूस मात्र मुश्किलीनं मिळतं. आम्हाला तुम्ही मिळालात, म्हणून हे जाहीर पत्र.

त्या रात्री अण्णा तळमळत होते. हात सारखा ओटीपोटाकडे जात होता आणि लघवीची पिशवी संध्याकाळपासून कोरडी. तुम्ही नुसतं ‘घाबरू नका’ म्हणाला नाहीत, ते मला फार आवडलं. सरळ कामाला लावलंत: दिवा लावा, पांघरूण काढा, नळीवरून हात फिरवत खालपर्यंत या. कुशीवर वळताना नळी मांडीखाली दबली होती. ती सोडवली आणि पिशवी भरायला लागली. तरी तुम्ही फोन ठेवला नाहीत. रंग कसा, रक्त दिसतंय का, ताप किती, पोट मऊ झालं का, सगळं विचारलंत. आमचे हे तर नळी ओढून काढायलाच निघाले होते! आत पाण्यानं भरलेला फुगा असतो, तो रिकामा न करता ओढली तर इजा होते, हे तुम्ही बजावलंत. लघवी उतरलीच नाही तर सकाळची वाट बघू नका, कॅज्युअल्टीला न्या, हेही.

पुढे एकदा पहाटे अण्णांना दरदरून घाम सुटला, शुगर 58. तुमचा पहिला प्रश्न, ‘शुद्धीत आहेत ना? गिळता येतंय?’ मग तीन चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, 108 लावायचा. सकाळी डॉक्टरांशी बोलून इन्सुलिनची मात्रा तुम्हीच ठरवून घेतलीत.

फोन करण्याआधी बीपी, ताप, शुगर, पिशवीतली लघवी आणि चालू औषधं लिहून ठेवा, हा तुमचा कागद आमच्या फ्रिजवर आहे. लोकमान्य नगरातल्या आणखी दोन घरांनी त्याचा फोटो नेलाय.

एकच गोष्ट पटलेली नाही. ठरलं होतं ते सकाळच्या व्हिजिटचं, रात्रीच्या फोनांचा तुम्ही पैसा घेत नाही. ‘बोलायचे कसले पैसे,’ म्हणता. पण दिवसभर दहा घरं फिरून आलेल्या बाईची ती झोप असते. डॉक्टरांचा सल्ला विकत घ्यायचा आणि नर्सचा फुकट, हे आमच्या घरात चालायचं नाही. या महिन्याच्या बिलात रात्रीचे फोन धरा. नाही धरलेत तर मी धरून देईन.

तुमची,
अण्णांची सून