वयाचा आकडा हुशारीचा नव्हे

मुलांच्या वयानुसार खेळणी निवडण्याविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. आयएसआय चिन्ह पाहूनच खेळणे घ्यावे, हा सल्ला योग्यच आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे. पण वेष्टनावरील वयाच्या आकड्याचा अर्थ लेखात स्पष्ट व्हायला हवा होता. ‘आमचा दोन वर्षांचाच आहे, पण हुशार आहे,’ असे म्हणत ‘३ वर्षांपुढील’ खेळणे घेणारे पालक मी दुकानात नेहमी पाहते. तो आकडा बुद्धीचा नाही, घशात अडकण्याच्या धोक्याचा आहे. तपासणीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जो भाग पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालील बाळासाठी धोकादायक मानतात. भातुकलीतली चिमुकली वाटी, बाहुलीचा बूट, गोटी, सारे त्यात मावते.

घरात दोन मुले असली की थोरल्याचे खेळणे धाकट्याच्या तोंडात जायला वेळ लागत नाही. त्यातही चपटी बटण बॅटरी सर्वांत घातक. ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजते. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद नसेल, तर ते खेळणे घेऊच नये. जत्रेतल्या लुकलुकणाऱ्या खेळण्यांचे झाकण नखानेही उघडते. वयाची सूचना बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत असते. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर ती ठळक मराठीत छापणे बंधनकारक करावे.

– एक पालक, सांगली